निष्कर्ष पुरेसे नाहीत: ध्रुवीय स्थानकांच्या मूळ नोंदींविषयी

ग्रीनलंडच्या काठाकाठाने, जिथे बर्फ संपून उघडा खडक लागतो तिथे, आणि अंटार्क्टिकाच्या बर्फातून वर आलेल्या डोंगरमाथ्यांवर उपग्रह स्थाननिश्चितीची कायमस्वरूपी स्थानके उभी आहेत. खडकात पक्का रोवलेला खांब, त्यावर अँटेना, शेजारच्या पेटीत रिसीव्हर आणि बॅटऱ्या, उन्हाळ्यासाठी सौर पट्ट्या, हिवाळ्यातल्या लांब अंधारासाठी काही ठिकाणी पवनचक्की: एवढाच त्यांचा पसारा. जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ या प्रणालींच्या उपग्रहांकडून येणारे संदेश ही यंत्रे ठरावीक सेकंदांनी टिपत राहतात. वर्षानुवर्षांच्या अशा नोंदींवरून तळखडक वर्षाला किती मिलिमीटर वर उचलला जातो, हे काढता येते. बर्फाचे ओझे कमी झाले की खडक लगेच थोडा वर येतो. त्याखालचे प्रावरण मात्र शतके, सहस्रके सावकाश सरकत राहते. या दोन हालचाली वेगळ्या करता आल्या, तर आज किती बर्फ जात आहे आणि जुन्या हिमयुगाचा हिशेब किती बाकी आहे, हे कळते.

या नोंदींच्या देवाणघेवाणीविषयी एक भूमिका संशोधन संस्थांत आणि सरकारी खात्यांत चांगलीच रुजलेली आहे. शोधनिबंधातून निष्कर्ष प्रसिद्ध करावेत, स्थानकाचा वेग सांगावा, आलेख द्यावा. मूळ नोंदी मात्र ज्याने स्थानक उभारले त्याच्याच ताब्यात राहाव्यात, मागणी आली तर विचार करून द्याव्यात, असे ही भूमिका सांगते. स्थानकावर झालेला खर्च, उभारणाऱ्याचा पहिला हक्क, अननुभवी माणसाच्या हातून होणारी चूक आणि देशाची सुरक्षितता अशी चार कारणे तिच्या समर्थनार्थ दिली जातात. चारही कारणांचे वजन सारखे नाही. पण निष्कर्ष दिले म्हणजे विज्ञान दिले, हे या चारहींच्या मुळाशी असलेले गृहीतकच चुकीचे आहे. म्हणून आधी त्याचा समाचार घेणे योग्य.

स्थानकाचा वेग ही थेट मोजलेली गोष्ट नसते. रिसीव्हर टिपतो ती फक्त येणाऱ्या लहरींची कला आणि उपग्रहापर्यंतचे ढोबळ अंतर. त्यातून स्थान काढायला उपग्रहांच्या कक्षा, त्यांच्या घड्याळांच्या चुका, वातावरणामुळे संदेशाला झालेला उशीर, अँटेनाच्या विद्युतकेंद्राची जागा आणि साऱ्या पृथ्वीसाठी ठरवलेली संदर्भचौकट एवढे सारे बाहेरून घ्यावे लागते. यातील प्रत्येक गोष्ट काळाबरोबर सुधारते. आंतरराष्ट्रीय जीएनएसएस (उपग्रह स्थाननिश्चिती) सेवा १९९४ पासून कक्षा आणि घड्याळांची माहिती पुरवत आली आहे आणि जुन्या वर्षांची गणिते तिने नव्याने मांडलेली आहेत. संदर्भचौकटीच्या २०००, २००५, २००८, २०१४ आणि २०२० अशा आवृत्त्या निघाल्या. २००० आणि २००५ या दोन आवृत्त्यांच्या आरंभबिंदूंत पृथ्वीच्या अक्षाच्या दिशेने वर्षाला सुमारे १.८ मिलिमीटरची सरक आढळली. विषुववृत्तावर अशा सरकेचा उंचीवर परिणाम जवळजवळ होत नाही. ध्रुवाजवळ ती पूर्णच्या पूर्ण उंचीत उतरते. पूर्व अंटार्क्टिकाच्या बऱ्याच भागात खडकाचा वर येण्याचा वेगच मुळी वर्षाला एखाद्या मिलिमीटरच्या आसपास आहे. चौकट बदलली की तिथला निष्कर्ष बदलतो.

यावर असे म्हणता येईल की दोन चौकटींतला फरक माहीत असतो, तो प्रसिद्ध आकड्यातून वजा केला की झाले, त्यासाठी मूळ नोंदी कशाला? आरंभबिंदूच्या सरकेपुरते हे बरोबर आहे. इतर दुरुस्त्यांचे तसे नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय सेवेने अँटेनांची सापेक्ष प्रमाणके सोडून निरपेक्ष प्रमाणके स्वीकारली. उपग्रह आकाशात कुठे आहे, कोणत्या कोनातून संदेश येतो, यावर ही दुरुस्ती अवलंबून असते आणि प्रत्येक स्थानकावर तिचा परिणाम वेगळा होतो. ध्रुवांवर हा प्रश्न अधिकच अवघड आहे. जीपीएस उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी सुमारे ५५ अंशांचा कोन करतात, त्यामुळे ध्रुवावरून पाहिले तर हे उपग्रह क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांच्या वर कधी चढतच नाहीत. डोक्यावरचे आकाश रिकामे राहते आणि सारे संदेश तिरपे, वातावरणाच्या जाड थरातून येतात. उंचीच्या मापनात शिरणाऱ्या चुका इथे निराळ्या जातीच्या असतात आणि त्या सुधारायच्या तर मूळ नोंदींवर सारे गणित पहिल्यापासून करावे लागते. न्यायालयाचे निकालपत्र हाती आहे पण खटल्याचे कागद मिळत नाहीत, अशा पक्षकाराला अपील करता येत नाही. केवळ वेग छापून मूळ नोंदी बंद ठेवल्या की पुढच्या संशोधकाची तीच गत होते.

हा केवळ बारकाव्यांचा वाद नाही. २००२ ते २०१७ या काळात ग्रेस या जोडउपग्रहांनी पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातील बदल मोजले आणि २०१८ मध्ये त्यांची जागा घेणारी नवी जोडी सोडली गेली. बर्फाच्या वस्तुमानातील घट त्यांना दिसते, पण खाली सरकणारे प्रावरणही त्यांना दिसते, आणि दोन्हींची बेरीजच हाती येते. अंटार्क्टिकासाठी प्रावरणाची ही दुरुस्ती पूर्वी इतकी मोठी धरली जात होती की ती मूळ मापनाशी बरोबरी करी. खडकाच्या उंचीच्या प्रत्यक्ष नोंदी जमू लागल्या तेव्हा दिसले की जुनी प्रारूपे खडक फारच वेगाने वर येतो असे मानत होती. २०१२ मध्ये मॅट किंग आणि सहकाऱ्यांनी नव्या दुरुस्तीने हिशेब मांडला. ऑगस्ट २००२ ते डिसेंबर २०१० या काळात अंटार्क्टिकाची घट वर्षाला सुमारे ६९ अब्ज टन निघाली. ग्रेसवरून त्याआधी प्रसिद्ध झालेल्या अलीकडच्या अंदाजांच्या ती एक तृतीयांश ते निम्मी होती. समुद्र किती चढणार, या प्रश्नाच्या उत्तरातला एवढा मोठा भाग बर्फाळ प्रदेशातल्या मोजक्या खांबांवर उभा आहे. ते खांब वेगवेगळ्या देशांनी रोवलेले आहेत. प्रत्येक देशाने आपल्या पद्धतीने, आपल्या आवडीच्या आज्ञावलीने आकडे काढून फक्त तेच पुढे केले असते, तर आकड्यांतला फरक खडकाचा आहे की पद्धतीचा, हे कोणालाही सांगता आले नसते.

पश्चिम अंटार्क्टिकात अमुंडसेन समुद्राच्या काठी उलट प्रकारचा धक्का बसला. व्हॅलेंटिना बार्लेटा आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवले की तिथला तळखडक काही जागी वर्षाला ४१ मिलिमीटर इतक्या वेगाने वर येत आहे. याचा अर्थ तिथले प्रावरण अपेक्षेपेक्षा पुष्कळच प्रवाही आहे, आणि खडक असा झपाट्याने उचलला गेला तर हिमनदीच्या माघारीला काही प्रमाणात आळा बसू शकतो. पाइन आयलंड आणि थ्वेट्स या हिमनद्यांच्या भवितव्याचे कोणतेही प्रारूप आता ही गोष्ट टाळू शकत नाही. एवढ्या विस्तीर्ण प्रदेशासाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच स्थानके उपलब्ध होती. त्यांतले एक जरी कोणाच्या कपाटात बंद राहिले असते, तरी चित्रात मोठे भगदाड पडले असते.

निष्कर्ष पुरेसे नाहीत याचे दुसरे कारण अधिक खोल आहे. एका अभ्यासकाला जो गोंगाट वाटतो, तीच दुसऱ्याची सामग्री असते. भूगणितज्ञ दोन वारंवारतांचे संदेश एकत्र करून आयनांबराचा परिणाम काढून टाकतो, कारण त्याला खडकाशी काम असते. ध्रुवीय प्रकाश, सौरवादळे आणि रेडिओ संपर्काचा खंड यांचा अभ्यास करणाऱ्याला नेमके तेच हवे असते जे भूगणितज्ञाने टाकून दिले. जमिनीवरून परावर्तित होऊन अँटेनात शिरणारे संदेश हा कित्येक वर्षे मापनातला दोष समजला जाई. क्रिस्टीन लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की या परावर्तनावरून अँटेनाभोवतीच्या बर्फाची उंची मोजता येते. पुढे ग्रीनलंडमधील बर्फ साचण्याच्या अभ्यासासाठीही हीच रीत वापरली गेली. स्थानके उभारणाऱ्यांच्या आराखड्यात हे काम नव्हते. त्यांनी फक्त वेगाचे आकडे ठेवले असते आणि मूळ नोंदी पुसल्या किंवा दडवल्या असत्या, तर ही माहिती कायमची गेली असती. गेलेल्या हिवाळ्याचे मापन पुन्हा करता येत नाही.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेची गोष्ट इथे आठवल्याशिवाय राहवत नाही, जरी ती ध्रुवांपासून दूरची आहे. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मापने होत होती. सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौरवादळात निरीक्षकांनी तासाच्या ठोक्याची वाट न पाहता काही काही मिनिटांनी मापे घेतली आणि ती जशीच्या तशी नोंदवली. त्या वादळाचा जोर किती होता हे ठरवायला २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लखिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच नोंदींचा आधार घेतला. चुंबकीय बलात सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची घट त्यांत दिसत होती. आज वीजवाहक जाळी आणि उपग्रह यांना असलेला सौरवादळांचा धोका मोजताना हाच आकडा मापदंड म्हणून घेतला जातो. १८५९ मधल्या निरीक्षकाला उपग्रह ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. त्याने किंवा त्याच्या वरिष्ठांनी त्या महिन्याची केवळ सरासरी काढून ठेवली असती, तर त्या सरासरीतून काहीच हाती लागले नसते. ट्रामच्या विजेचा त्रास नको म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवले गेले; आज ते नवी मुंबईतील भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे, आणि मुंबईतील भूचुंबकत्वाचे जागतिक विदाकेंद्रही तीच चालवते. मूळ नोंद जपणे आणि ती इतरांना देणे याचे मोल जाणणारी परंपरा मराठी वाचकाच्या दाराशीच आहे.

आता ती चार कारणे. उभारणाऱ्याचा पहिला हक्क हे त्यांतले सर्वांत सबळ, आणि त्याची थट्टा करणे अन्यायाचे ठरेल. ध्रुवीय स्थानक उभारणे म्हणजे जहाज, हेलिकॉप्टर, स्कीवर उतरणारे विमान, वाऱ्याने अडवलेले दिवस आणि प्रसंगी जिवाचा धोका. एखाद्या विद्यार्थिनीची पीएचडी त्या नोंदींवर अवलंबून असते. तिने उन्हाळाभर बर्फात राहून आणलेल्या नोंदींवर दुसऱ्याने ऊबदार खोलीत बसून आधी निबंध छापला, तर तिच्यावर अन्याय होतोच. पण या अन्यायावर उपाय मुदतीचा आहे, कायमच्या कुलुपाचा नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या ध्रुवीय विभागाने नोंदी खुल्या करण्यासाठी जास्तीत जास्त दोन वर्षांची मुदत मानली आहे. थोड्या दिवसांच्या मोहिमेत घेतलेल्या मापनांना ती पुरेशी आहे. कायम चालणाऱ्या स्थानकांच्या बाबतीत तर तेवढीही गरज नाही, कारण तिथे एका निबंधाने संपणारे काम नसतेच. श्रेय हवे असेल तर प्रत्येक स्थानकाच्या नोंदींना स्वतंत्र कायमस्वरूपी ओळखक्रमांक देता येतो आणि वापरणाऱ्याला तो उद्धृत करावाच लागेल असा नियम करता येतो. ही पद्धत प्रत्यक्ष चालू आहे. तिच्यामुळे स्थानकाची डागडुजी करणाऱ्या माणसाचे नाव पहिल्यांदाच निबंधांच्या यादीत येऊ लागले. नोंदी दडवून त्याला हे कधीच मिळाले नव्हते.

खर्चाचे कारण तर उलटेच वळते. ध्रुवीय स्थानक महाग आहे, म्हणूनच एका गटाने काढलेल्या एका निष्कर्षावर त्याची किंमत वसूल होत नाही. ग्रीनलंडमधील जाळे याचे उदाहरण आहे. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या मायकेल बेव्हिस यांच्या पुढाकाराने २००७ ते २००९ या काळात, आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षाच्या निमित्ताने, सुमारे पन्नास स्थानके उभी राहिली. डेन्मार्क आणि लक्झेंबर्ग त्यात सहभागी होते. पुढे ती डेन्मार्कच्या सरकारी यंत्रणेने चालवायला घेतली. २०१० च्या असामान्य वितळण्यात खडकाने घेतलेली उसळी या जाळ्याने टिपली, आणि २०१३ च्या सुमारास बर्फाची घट काही काळ थबकल्याचेही पुढच्या अभ्यासात दिसले. अंटार्क्टिक द्वीपकल्पातील पामर स्थानकावरची यंत्रणा तर २००२ मध्ये लार्सन बी हा तरंगता हिमस्तर कोसळण्याच्या आधीपासून चालू होती. तो कोसळेल म्हणून ती कोणी बसवली नव्हती. हिमस्तर गेल्यावर मागच्या हिमनद्या वेगाने समुद्रात उतरल्या, खडक भराभर वर येऊ लागला, आणि त्या वाढत्या वेगाचे स्पष्टीकरण देताना त्या भागातले प्रावरण अतिशय मऊ असल्याचे लक्षात आले. हे काम करणाऱ्यांत स्थानक उभारणाऱ्यांखेरीज इतर देशांचे संशोधकही होते.

अननुभवी हातांचे कारण देणारे एक खरी अडचण चुकीच्या ठिकाणी मांडतात. ध्रुवीय नोंदी वाचणे सोपे नाही हे निर्विवाद. अँटेनावर दहिवर आणि बर्फ साचला की उंची खोटीच काही सेंटिमीटर सरकते. अँटेना किंवा तिच्यावरचा घुमट बदलला की आलेखात पायरी पडते, आणि ती भूकंप समजली जाण्याचा धोका असतो. बॅटरी बसली की आठवडेच्या आठवडे कोरे जातात. पण या चुका टळतात त्या स्थानकाच्या वहीमुळे: कोणती अँटेना, कोणत्या दिवशी बदलली, खांबाची उंची किती, रिसीव्हरची आज्ञावली कोणती. ही वही अपुरी ठेवून वर वापरणाऱ्याच्या अज्ञानाकडे बोट दाखवणे हा कामचुकारपणा आहे. नोंदी खुल्या असल्या की वहीतल्या चुकाही उघड होतात, कारण दहा ठिकाणी गणित होते आणि न जुळणारी पायरी कोणाच्या तरी नजरेला पडतेच. बंद नोंदींतली चूक वर्षानुवर्षे तशीच बसून राहते.

सुरक्षिततेचे कारण ध्रुवांवर सर्वांत लंगडे पडते. ज्या संदेशांच्या या नोंदी आहेत ते आकाशातून सगळ्यांसाठी खुले येतात. जीपीएसच्या नागरी संदेशात मुद्दाम मिसळली जाणारी अचूकतेची खोट अमेरिकेने मे २००० मध्ये स्वतःच काढून टाकली. खडकातल्या खांबाच्या उंचीत मिलिमीटरचा फरक पडला, हे कळल्याने कोणत्याही सीमेला धोका पोहोचत नाही. भारतात भूस्थानिक माहितीवरचे निर्बंध फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मोठ्या प्रमाणात सैल केले. क्षितिजसमांतर दिशेत १ मीटर आणि उंचीत ३ मीटर यांपेक्षा सूक्ष्म माहिती निर्माण करण्याचा अधिकार भारतीय संस्थांपुरता राखला, तो देशाच्या भूमीबद्दल. ती विचारसरणी शिर्माकर ओअॅसिसमधील मैत्री किंवा लार्समन टेकड्यांवरील भारती या स्थानकांना लावणे निरर्थक ठरेल, कारण तिथली जमीन भारताची नाही आणि त्यावर हक्क सांगण्याची भारताची भूमिकाही नाही.

उलट तिथे उभे राहण्याचा अधिकारच देवाणघेवाणीच्या अटीवर मिळालेला आहे. १ डिसेंबर १९५९ रोजी सह्या झालेल्या आणि २३ जून १९६१ पासून अमलात आलेल्या अंटार्क्टिक करारातील तिसरे कलम सांगते की तिथली वैज्ञानिक निरीक्षणे आणि निष्कर्ष यांची देवाणघेवाण व्हावी आणि ते मुक्तपणे उपलब्ध व्हावेत. निरीक्षणे आणि निष्कर्ष, असे दोन्हींचे तिथे वेगवेगळे नाव घेतले आहे. केवळ निष्कर्ष देऊन करार पाळल्याचे समाधान मानता येत नाही. शक्य आणि व्यवहार्य असेल तितके, अशी सवलत त्या कलमात आहे, आणि टाळणारे तिचाच आधार घेतात. कागदाच्या गुंडाळ्या बोटीने पाठवण्याच्या काळात तिला अर्थ होता. आजही दूरच्या एखाद्या स्थानकाची पूर्ण नोंद उपग्रहाच्या अरुंद संपर्कातून येऊ शकत नाही, ती वर्षातून एकदा मेमरी कार्डावर उतरवून आणावी लागते. तेवढा उशीर व्यवहार्यतेत बसतो. नोंद संस्थेच्या संगणकात पोहोचल्यानंतरचा उशीर त्यात बसत नाही. २६ फेब्रुवारी २०१५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने जागतिक भूगणितीय संदर्भचौकटीसाठी ठराव करून भूगणितीय नोंदी खुलेपणाने वाटून घेण्याचे आवाहन केले. भारताने १९८३ मध्ये अंटार्क्टिक करारातील सल्लागार देशाचे स्थान मिळवले. गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात देशाचे ध्रुवीय विदाकेंद्र आहे. मूळ नोंदी, स्थानकाची वही आणि कायमचा ओळखक्रमांक हे तिन्ही एकत्र देण्याची जागा म्हणून अशा केंद्रांकडे पाहायला हवे. मागणीपत्र पाठवा, मग पाहू, ही रीत तिथे शिरू नये.

शेवटी एक तडजोड सुचवली जाते: जो देश देईल त्यालाच द्यावे. दिसायला ती न्याय्य आहे. पण बर्फ वितळल्याचा परिणाम स्थानके जिथे आहेत तिथे सर्वांत जास्त होत नाही. मोठा हिमथर आपल्या गुरुत्वाकर्षणाने भोवतालचे पाणी स्वतःकडे ओढून ठेवतो. तो क्षीण झाला की हे पाणी सुटते, जवळचा समुद्र खाली जातो आणि दूरचा समुद्र सरासरीपेक्षा अधिक चढतो. ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर समुद्र उतरत असताना उष्ण कटिबंधात तो चढतो, आणि पश्चिम अंटार्क्टिकातील घटीचा भार उत्तरेकडे सरकतो. मालदीव, बांगलादेश, कोकणातल्या खाड्यांकाठची गावे आणि मुंबईची सखल वस्ती या परिणामाच्या टप्प्यात आहेत. यांतल्या मालदीव आणि बांगलादेशासारख्या देशांना ध्रुवावर खांब रोवणे परवडणारे नाही, आणि देण्याघेण्याच्या हिशेबात त्यांच्याकडे देण्यासारखे काहीच निघणार नाही. किनाऱ्यावरचा बांध किती उंच बांधायचा, हे ठरवणाऱ्या त्यांच्या अभियंत्यांना मात्र अमुंडसेन समुद्राकाठचा खडक किती वेगाने वर येतो, हे स्वतः तपासून पाहता आले पाहिजे.